घरात गरोदर बाई आणि कुत्र्याच्या अंगावर गोचिडी: औषध लावायचं की नाही?

पावसाळ्याची चाहूल लागली की कुत्रा पाळणाऱ्या घरांमध्ये गोचिडींचा हंगाम सुरू होतो. कानाच्या मागे, मानेखाली, पंजाच्या बोटांमध्ये हात फिरवला की काहीतरी टणक लागतं. एरवी यावर उपाय सोपा असतो. डॉक्टरांकडून औषध आणायचं, मानेवर थेंब टाकायचे किंवा गोळी खाऊ घालायची, की महिनाभर शांतता.

पण घरातली बाई गरोदर असेल तर हेच साधं काम डोक्याला ताप होतं. औषधाच्या खोक्यावर 'कीटकनाशक' लिहिलेलं असतं. नातेवाईक म्हणतात, "बाळ होईपर्यंत कुत्र्याला गावी पाठवून द्या." मोबाईलवर शोधावं तर एक रील म्हणते काही होत नाही, दुसरी थेट ऑटिझमचं नाव घेते. अशा गोंधळात काही घरं औषध थांबवतात, काही घरं कुत्राच बाहेर काढतात. या दोन्ही निर्णयांची गरज सहसा नसते. का, ते समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

गरोदरपणात कुत्र्याला गोचीड-पिसवांचं औषध द्यायला हरकत नाही, उलट ते द्यायलाच हवं. फक्त ते गरोदर बाईने स्वतःच्या हाताने लावू नये, आणि कोणतं औषध निवडायचं हे 'कुत्र्याच्या अंगावर औषध उरतं का?' या प्रश्नावरून ठरवावं.

'प्रेग्नन्सीत सेफ' म्हणजे कुणासाठी?

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. इंटरनेटवर एखाद्या औषधाचं नाव टाकून 'प्रेग्नन्सी सेफ' असं शोधलं, तर बहुतेक वेळा जे उत्तर येतं ते पोटुशी असलेल्या कुत्रीबद्दल असतं, तुमच्याबद्दल नाही. मराठीत आपण बाईला गरोदर आणि कुत्रीला गाभण म्हणतो. इंग्रजी लेबलवर दोघींसाठी एकच शब्द असतो.

गाभण कुत्रीला औषध चालतं याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या मात्रेत दिल्यावर तिच्यावर आणि पिल्लांवर काय परिणाम होतो हे कंपनीने तपासलं आहे. ते औषध हाताळणाऱ्या माणसाबद्दलची सूचना लेबलवर वेगळ्या ठिकाणी, 'वापरणाऱ्याने घ्यायची काळजी' अशा भागात, बारीक अक्षरात असते. तुम्हाला वाचायचा आहे तो हा भाग.

तिथे कधीकधी अनपेक्षित गोष्ट सापडते. युरोपात विकल्या जाणाऱ्या काही थेंबांच्या औषधांवर गरोदर बायकांसाठी स्पष्ट इशारा असतो, आणि त्याचं कारण मूळ कीटकनाशक नसून ते ज्यात विरघळवलेलं असतं तो द्राव असतो. एन-मिथाइलपायरोलिडोन नावाचा हा द्राव युरोपीय महासंघाच्या वर्गवारीत गर्भाला अपाय करू शकणाऱ्या रसायनांमध्ये मोडतो. म्हणजे दोन औषधांमधलं मुख्य कीटकनाशक एकच असलं तरी एक हाताळायला चालेल आणि दुसरं नाही, असं होऊ शकतं. म्हणूनच 'माझ्या मैत्रिणीने वापरलं, काही झालं नाही' या सल्ल्यावर अवलंबून राहता येत नाही.

औषध कुत्र्याला दिलं, तर ते आपल्यापर्यंत कसं येतं?

गरोदर बायकांना मुद्दाम कीटकनाशक देऊन प्रयोग करता येत नाहीत. त्यामुळे सुरक्षिततेचा अंदाज प्रामुख्याने प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून आणि माणसाच्या शरीरात किती औषध जाऊ शकतं या हिशेबावरून बांधला जातो. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, दुसरी बऱ्यापैकी आहे. त्या दृष्टीने औषधांचे प्रकार पाहू.

थेंब, म्हणजे स्पॉट-ऑन: फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, परमेथ्रिन ही यातली नेहमीची नावं. मानेवर टाकलेलं औषध त्वचेच्या तेलाबरोबर अंगभर पसरतं. याचा अर्थ ते केसांवर असतं, आणि कुरवाळताना हाताला लागतं. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनची औषधं मांजरांना तर जीवघेणी ठरू शकतात. घरात मांजर असेल तर हे आधी डॉक्टरांना सांगा.

गोळी: फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सॅरोलेनर या गटातली औषधं कुत्र्याच्या रक्तात जातात. चावलेली गोचीड किंवा पिसू त्यामुळे मरते. फ्लुरालेनरच्या गोळीचा परिणाम सुमारे १२ आठवडे टिकतो, बाकी दोन्हींचा साधारण महिनाभर. केसांवर औषधाचा थर राहत नाही. गरोदर बाई असलेल्या घरासाठी हा मोठा फायदा आहे.

कॉलर: गळ्यातल्या पट्ट्यातून औषध हळूहळू बाहेर पडत राहतं. काही कॉलर आठ महिन्यांपर्यंत काम करतात. म्हणजे गरोदरपणाचा जवळजवळ सगळा काळ औषधाचा स्रोत कुत्र्याच्या गळ्यात, आणि कुत्रा तुमच्या मांडीवर.

आंघोळीचं औषध: अमिट्राझ किंवा सायपरमेथ्रिन पाण्यात मिसळून अंग पुसायचं, ही आपल्याकडची स्वस्त आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत. यात हात औषधात बुडतात, वाफ नाकात जाते, बाथरूम बंद असतं. अमिट्राझ माणसाच्या पोटात गेलं तर गुंगी येणं, हृदयाचे ठोके मंदावणं असे परिणाम होतात. गरोदर बाईने या प्रकारापासून पूर्ण लांब राहावं, बादली भरून देण्याचं कामही करू नये.

हातावर २८ दिवस: ब्रिटनमधलं संशोधन काय सांगतं?

गेल्या काही वर्षांत थेंबांच्या औषधांवर ब्रिटनमध्ये बरीच चर्चा झाली. सुरुवात नद्यांपासून झाली. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९८ टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. शेतात त्याचा वापर थांबलेला असताना ते नदीत आलं कुठून? संशय पाळीव प्राण्यांच्या औषधांवर गेला.

मग २०२४ मध्ये याच विद्यापीठातून पुढचा अभ्यास आला. कुत्र्यांना थेंब लावल्यानंतर त्यांची आंघोळ, त्यांच्या अंथरुणाची धुलाई आणि मालकांचे हात धुतलेलं पाणी तपासण्यात आलं. औषध लावल्यावर किमान २८ दिवस मालकांच्या हातांवरून फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड धुऊन निघत होतं. थोडक्यात, औषधाचा परिणाम जितके दिवस, साधारण तितके दिवस ते हाताला लागत राहतं.

ही बातमी वाचून घाबरायचं का? हा अभ्यास नद्यांच्या प्रदूषणाचा होता. हाताला लागलेल्या औषधामुळे आईला किंवा बाळाला अपाय होतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हाताला लागणं आणि अपाय होईल इतकं शरीरात जाणं, यात मोठं अंतर आहे. पण त्यातून एक व्यवहारी गोष्ट मात्र कळते. 'थेंब वाळले की विषय संपला' हे खरं नाही. वाळल्यावर धोका खूप कमी होतो, संपर्क मात्र चालू राहतो. ज्यांना नऊ महिने तो टाळायचा आहे, त्यांच्यासाठी गोळीचं पारडं जड होतं.

ऑटिझमच्या मेसेजमागे काय आहे?

'पिसवांच्या औषधामुळे बाळाला ऑटिझम' या दाव्याचा धागा बहुधा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाकडे जातो. कॅलिफोर्नियातल्या 'चार्ज' या प्रकल्पात ऑटिझम असलेली मुलं आणि नसलेली मुलं यांच्या आयांना विचारण्यात आलं, की गरोदरपणाच्या आसपास घरातल्या प्राण्यांवर इमिडाक्लोप्रिड असलेलं औषध वापरलं होतं का.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरात हा वापर किंचित जास्त दिसला. पण फरक इतका अनिश्चित होता, की तो निव्वळ योगायोगही असू शकतो. शिवाय आयांना काही वर्षांपूर्वीचं औषध आठवून सांगायचं होतं. ज्यांच्या मुलाला आजार आहे त्या आया कारण शोधत मागचं सगळं आठवतात, बाकीच्या तितकं आठवत नाहीत. आठवणीतली ही तफावत निकाल कसा बदलू शकते, हाच त्या शोधनिबंधाचा एक मुख्य मुद्दा होता. रीलमध्ये तेवढं गाळलं जातं.

त्यामुळे 'ऑटिझम होतो' असं म्हणायला आधार नाही. 'नऊ महिने विनाकारण संपर्क टाळलेला बरा' असं म्हणायला मात्र हरकत नाही.

सरकारी यंत्रणा काय म्हणतात?

अमेरिकेत थेंब आणि कॉलर पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए बघते, आणि गोळ्या अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए बघतं. दोघांनीही अलीकडच्या काळात या औषधांची झाडाझडती घेतली आहे.

एफडीएने सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लुरालेनर-अफॉक्सोलेनर गटातल्या गोळ्यांबद्दल इशारा दिला. काही प्राण्यांना ही औषधं दिल्यावर थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात. औषधं बाजारात कायम राहिली, कारण बहुतेक प्राण्यांसाठी ती सुरक्षित मानली जातात. पण तुमच्या कुत्र्याला आधी फिट आली असेल तर गोळीचा पर्याय डॉक्टरांशी बोलूनच निवडा.

सेरेस्टो नावाच्या कॉलरबद्दल मार्च २०२१ मध्ये अमेरिकी माध्यमांनी मोठी बातमी केली होती. ईपीएकडे तिच्याविषयी ७५ हजारांहून जास्त तक्रारवजा नोंदी आल्या होत्या. त्यानंतर ईपीएने फेरतपासणी केली आणि जुलै २०२३ मध्ये कॉलरची नोंदणी पाच वर्षांसाठी चालू ठेवली, पण लेबलवर जास्त स्पष्ट इशारे आणि तक्रारींची जास्त तपशीलवार माहिती अशा अटी घालून.

दोन्ही निर्णयांचा सूर एकच आहे. बंदी घालावी इतकी ही औषधं वाईट नाहीत, आणि डोळे मिटून वापरावी इतकी निरुपद्रवीही नाहीत.

मग नऊ महिने औषधच दिलं नाही तर?

हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण तसा नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड घरातही आरामात राहते. भिंतीच्या भेगा, फर्निचरच्या मागची फट, पायपुसणं ही तिची ठिकाणं. एक मादी हजारो अंडी घालते. पिसवांचंही तसंच. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्केच असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष चादरीत, गालिच्यात आणि फरशीच्या सांध्यात असतात.

गोचिडींमुळे कुत्र्याला एर्लिकिया, बबेसिया असे आजार होतात. 'टिक फिव्हर' म्हणून ज्याला ओळखतात ते हेच. त्यात रक्त कमी होऊन कुत्रा दगावूही शकतो. माणसांनाही धोका आहे. हीच तपकिरी गोचीड 'इंडियन टिक टायफस' या तापाची वाहक आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आणि गोव्यात सत्तरीत माहीत असलेला माकडताप वेगळा. तो जंगलातल्या गोचिडींमुळे पसरतो. पण जंगलातून फिरून आलेल्या कुत्र्याचं अंग तपासायची सवय तिथे दुप्पट महत्त्वाची.

गरोदरपणात ताप येणं हीच मुळात काळजीची गोष्ट असते, आणि त्या काळात डॉक्टरांना अँटिबायोटिक निवडताना जास्त विचार करावा लागतो. शिवाय घरात गोचिडी माजल्या की शेवटी पेस्ट कंट्रोल बोलवावं लागतं. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर मोजून दिलेलं औषध टाळलं, आणि घरभर फवारा मारून घेतला. हा सौदा तोट्याचा आहे.

गोठ्यातलं औषध आणि घरगुती उपाय

'गायीला मारतो तेच औषध थोडं पातळ करून' हा सल्ला गावात आणि शहरातही मिळतो. गुरांसाठीची औषधं तीव्र असतात, मात्रेचा अंदाज चुकतो आणि कुत्र्याला विषबाधा होते. काही घरांत अजून जुनी डायक्लोरव्हॉसची बाटली असते, जी लोक 'नुवान' या नावाने ओळखतात. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून तिच्यावर बंदी आहे. ती कुत्र्यावर किंवा घरात वापरू नका, गरोदर बाई असलेल्या घरात तर नाहीच.

नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमजच. टी ट्री ऑईल कुत्र्यांना विषारी आहे. कापूर पोटात गेला तर माणूस आणि कुत्रा दोघांनाही घातक. घरगुती उपायांतला खरोखर निर्धोक उपाय एकच: बारीक दातांचा कंगवा आणि रोजची तपासणी.

आणि कुत्रीच गाभण असेल तर?

इथे प्रश्न उलटा होतो, आणि लेबलवरचा तो 'प्रेग्नन्सी'वाला भाग उपयोगी पडतो. फ्लुरालेनरची गोळी आणि सेलामेक्टिनचे थेंब ही गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला देता येतील अशी लेबलवर नोंद असलेली औषधं आहेत. काही औषधांवर 'गाभण कुत्रीवर तपासलेलं नाही' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते घातक आहे असा नाही, पण तपासलेला पर्याय हाताशी असताना न तपासलेला का निवडायचा? अमिट्राझची आंघोळ मात्र गाभणपणात टाळा.

कुत्रीचं गाभणपण साधारण ६३ दिवसांचं असतं. त्यामुळे वीण ठरवून करत असाल तर औषध आधीच देऊन घेणं सगळ्यात सोयीचं. नवजात पिल्लांना कोणतंही औषध लावू नका. औषधागणिक किमान वय वेगळं असतं, बऱ्याच औषधांसाठी ते आठ आठवड्यांच्या आसपास आहे. तोवर कंगवा, चिमटा आणि रोज बदललेलं अंथरूण.

प्रत्यक्षात काय करायचं?

१. पशुवैद्याकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, की घरात गरोदर बाई आहे. कुत्र्याचं वजन, वय आणि आधी फिट आली होती का, हेही सांगा.

२. शक्य असेल तर गोळी निवडा. ती खाऊ घातल्यावर हात साबणाने धुवा.

३. थेंबच लावायचे असतील तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून, गॅलरीत किंवा हवेशीर जागी लावावेत. घरात दुसरं कुणी नसेल तर दवाखान्यातच लावून घ्या.

४. त्यानंतर एक-दोन दिवस गरोदर बाईने आणि लहान मुलांनी कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा पलंगावर किंवा सोफ्यावर झोपणार नाही हे बघा. नंतरही कुरवाळल्यावर, विशेषतः जेवणाआधी, हात धुवा.

५. कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. फरशीचे सांधे, सोफ्याखालची जागा झाडा किंवा व्हॅक्यूम करा. पिसवांचा बहुतांश संसार तिथेच असतो.

६. गोचीड काढायची वेळ आली तर बोटांनी चिरडू नका. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरा, सरळ वर ओढा. रॉकेल, पेटती काडी असले प्रयोग नकोत.

७. पेस्ट कंट्रोल करावंच लागलं तर गरोदर बाई आणि कुत्रा दोघांनीही फवारा पूर्ण वाळेपर्यंत आणि घर हवेशीर होईपर्यंत बाहेर राहावं.

आधीच हाताने लावलं असेल तर?

गरोदर आहे हे कळण्याआधी अनेकींनी नेहमीप्रमाणे औषध लावलेलं असतं. एकदा-दोनदा बोटांना लागलेल्या औषधामुळे बाळाला इजा झाली असं समजायचं कारण नाही. हात साबणाने धुवा, आणि पुढच्या तपासणीला जाताना औषधाचं खोकं किंवा त्याचा फोटो स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. औषध डोळ्यात किंवा तोंडात गेलं, किंवा चक्कर, मळमळ, श्वासाचा त्रास झाला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. विषबाधेबाबत सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्रही आहे.

आणि 'कुत्रा गावी पाठवा' या सल्ल्याचं काय? त्यामागे अनेकदा टॉक्सोप्लाझ्मोसिस या आजाराची भीती असते. तो गर्भाला खरोखर घातक ठरू शकतो, पण त्याचा संबंध मांजरीच्या विष्ठेशी आणि कच्च्या मांसाशी आहे. कुत्रा त्याचा तसा प्रसार करत नाही. गोचिडींचा प्रश्न असेल तर त्यावर उपाय आहे, आणि तो महिन्या-तीन महिन्यांतून एकदा करायचा आहे. त्यासाठी इतकी वर्षं घरात वाढलेला जीव दाराबाहेर काढायची गरज नाही. फक्त औषधाचं पाकीट यावेळी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.